सुवार्ता सांगणं ही प्रत्येक ख्रिस्ती माणसाची वैयक्तिक जबाबदारी आहे का?

अंद्रिया_सदर
जय ख्रिस्त मंडळी. नागपूरकरांनी तर बोलाच, बाकीच्यांचंही स्वागत.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) पिवळी कार्डं वाटली. वर मत्तय 28:19, म्हणजे 'जाऊन सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा' ही येशूची आज्ञा, खाली पाच रिकाम्या ओळी. ओळखीतल्या पाच 'तारण न झालेल्या', म्हणजे येशूवर विश्वास न ठेवलेल्या, माणसांची नावं लिहायची, त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायची आणि ईस्टरपर्यंत त्यातला निदान एक जण उपासनेला आणायचा. पाळकसाहेब (आमचे पाद्री) म्हणाले, सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभसंदेश, सांगणं हे पगारी माणसाचं काम नाही, बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाचं आहे.

मी मिहानमध्ये नोकरी करतो. घरी येऊन पेन उचललं आणि पहिलं नाव सुचलं ते ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मित्राचं. दिवाळीचा फराळ मी त्याच्याकडे खातो, नाताळात तो माझ्याकडे येऊन आईच्या हातच्या करंज्या संपवतो. मी ख्रिस्ती आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आता त्याचं नाव ओळ क्रमांक एकवर लिहायचं? आणि नाही लिहिलं, तर मी प्रभूची आज्ञा मोडतोय का? ऑफिसात मार्च एंडचं टार्गेट असतंच, देवळातही तेच आलं की काय असं वाटलं.

प्रश्न एवढाच: ही जबाबदारी खरंच प्रत्येकाची आहे का, आणि असेल तर नेमकी कशाची?

पेत्रसाचा_पुतण्या
आहे. यात विचारण्यासारखं काय आहे? प्रेषित पौल 1 करिंथ 9:16 मध्ये म्हणतो की सुवार्ता सांगितली नाही तर माझी धडगत नाही. आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण त्याला तत्त्वज्ञानाचं पांघरूण घालतो. भाऊ, रागावू नका, पण मित्राला फराळ देता येतो आणि तारण देता येत नाही?

वऱ्हाडी_ठेचा
पाच नवे लोकं? आमच्या मंडळीत पाच जुने वापस आणा म्हनलं तरी दम लागते राजेहो. अर्धे नाताळाले येते, अर्धे लग्नाले. बाकीचे बिर्याणी असन तं.

रूथ_ताई
ठेचा, तुमचं नाताळाचं खरं आहे :) पण मूळ प्रश्नाकडे येते.

पुतण्या भाऊंनी दिलेलं वचन पौलाचं स्वतःबद्दलचं आहे. त्याच्यावर ते काम सोपवलेलं होतं. इफिस 4:11 मध्ये तोच सांगतो की कोणी प्रेषित, कोणी संदेष्टे, कोणी सुवार्तिक, कोणी पाळक व शिक्षक. म्हणजे सगळेच सुवार्तिक नाहीत. आणि मत्तय 28 उघडा, 16 वं वचन वाचा. ती आज्ञा अकरा शिष्यांना दिली आहे.

हा काही माझा शोध नाही. ही आज्ञा प्रेषितांपुरतीच होती आणि त्यांच्या काळातच पुरी झाली, असं 18 व्या शतकापर्यंत कितीतरी प्रॉटेस्टंट मंडळी मानत होती. विल्यम कॅरी नावाच्या चांभारकाम करणाऱ्या माणसाने 1792 मध्ये पुस्तिका लिहून त्याला विरोध केला, तेव्हा चित्र बदललं. हाच कॅरी पुढे बंगालमधल्या श्रीरामपूरला आला आणि 1811 मध्ये त्याच्या छापखान्यातून मराठी नवा करार निघाला. तेव्हा कॅरीचं म्हणणं खोडून काढायला मी बसलेली नाही, त्याच्यामुळेच आपल्या हातात पुस्तक आहे. पण 'प्रत्येकाने' हा शब्द इतका सरळ नाही, एवढंच.

मी स्वतः तीस जणांसमोर उभी राहिले की घशाला कोरड पडते. महिला मंडळात साक्ष द्यायची पाळी आली की मला हटकून सर्दी होते.

ग्रंथकीडा
रूथ ताई, इफिस 4 च्या पुढचंच वचन बघा. सुवार्तिक आणि पाळक कशासाठी दिले? पवित्र जनांना, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांना, सेवेच्या कामासाठी तयार करायला. म्हणजे काम पवित्र जनांचं, तयारी करून घेणं सुवार्तिकाचं.

दुसरं, प्रेषितांची कृत्ये 8. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या मृत्यूनंतर यरुशलेमात छळ सुरू झाला आणि प्रेषितांखेरीज सगळ्यांची पांगापांग झाली. हे 'प्रेषितांखेरीज' पहिल्या वचनातच आहे. आणि चौथ्या वचनात, जे पांगले ते वचनाची सुवार्ता सांगत फिरले. म्हणजे ज्यांना आज्ञा मिळाली ते अकरा-बारा जण घरीच राहिले आणि ज्यांची नावंही लूकने लिहिली नाहीत त्या बायाबापड्यांनी काम केलं. त्यांच्या हातात कोणी कार्ड दिलं नव्हतं. जीव वाचवायला पळत होते, वाटेत लोक विचारत होते, हे सांगत होते.

माझं मत: जबाबदारी सगळ्यांची, पद्धत मात्र प्रत्येकाची वेगळी.

इंदोरा_एक्स्प्रेस
मी बौद्ध आहे, इतरांनाही बोलावलंय म्हणून लिहितो. जय भीम.

त्या 'तारण न झालेले' या शब्दांवर जरा थांबा. त्या यादीत माझं नाव कोणी लिहिलं आणि ते मला कळलं, तर पहिली गोष्ट म्हणजे मी त्याच्या घरचा चहा सोडेन. दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबर 1956 ला माझे आजोबा होते. बाबासाहेबांनी येवल्याला 1935 मध्ये जाहीर केलं होतं की हिंदू म्हणून मरणार नाही. मधली एकवीस वर्षं त्यांच्याकडे सगळ्या धर्मांचे लोक येऊन गेले, ख्रिस्तीही. त्यांनी वाचलं, पारखलं, मग ठरवलं. धर्म बदलणाऱ्या माणसाला स्वतःची अक्कल असते, हे धर्म सांगणाऱ्यांनी कधीच विसरू नये.

आणि एक व्यवहाराची बाजू. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताची अनुसूचित जातीची सवलत जाते. बौद्धांना ती 1990 मध्ये मिळाली. तुम्ही 'तारण' म्हणता तेव्हा समोरच्याच्या पोरांचं शिक्षण, नोकरी हेही त्याच ताटात असतं. ते त्याला सांगता का?

पेत्रसाचा_पुतण्या
@इंदोरा_एक्स्प्रेस, जय भीम भाऊ. सवलतीचा मुद्दा बरोबर आहे, लपवून कोणी काही करू नये. पण बाबासाहेबांनीही धम्म सांगितलाच ना? त्या दिवशी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. सांगणं वाईट नाही, मग आम्ही सांगितलं की का टोचतं?

इंदोरा_एक्स्प्रेस
सांगा ना! मी यादीबद्दल बोललो, सांगण्याबद्दल नाही.

काळा_कोट_बर्डी
वकिलाचं काम मधे नाक खुपसणं, म्हणून.

घटनेच्या कलम 25 मध्ये धर्म मानणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं, तिन्ही हक्क आहेत. संविधान सभेत डिसेंबर 1948 मध्ये 'प्रसार' काढून टाका म्हणून जोरदार भाषणं झाली, लोकनाथ मिश्र त्यात पुढे होते. कन्हैयालाल मुन्शींसारख्यांनी बाजू घेतली आणि शब्द राहिला. पुढे 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची हद्द आखली: आपल्या धर्माची तत्त्वं समोरच्यापुढे मांडण्याचा हक्क आहे, त्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नाही.

तो खटला मध्य प्रदेश आणि ओरिसाच्या कायद्यांवर होता, आणि मध्य प्रदेशच्या कायद्याचं मूळ आपल्याच गावात आहे. नागपूर त्या राज्याची राजधानी असताना 1954 मध्ये न्या. भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली गेली, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला. 1956 मध्ये अहवाल आला, बळजबरीच्या आणि आमिषाच्या धर्मांतरावर त्यात कडक शिफारशी होत्या. 1968 मध्ये कायदा झाला. तिकडे आता 2021 चा नवा कायदा आहे, तेव्हा शिवनी-छिंदवाड्याला प्रार्थनासभेला जाणाऱ्यांनी तो वाचून जावं.

इंदोरा_एक्स्प्रेस
वकीलसाहेब, अर्धीच गोष्ट सांगितली. ते नियोगी स्वतः त्याच 1956 मध्ये दीक्षाभूमीवर बौद्ध झाले :)

काळा_कोट_बर्डी
झाले. ती तुमच्यासाठी राखून ठेवली होती.

वऱ्हाडी_ठेचा
हे नव्हतं माहीत मले. नागपुरात काय काय झालं न बे.

बर्डीकर
मी हिंदू. बर्डीवर दुकान आहे. अनुभव सांगतो, कोणाला दुखवायचं नाही.

नाताळाच्या आधी रस्त्यावर पत्रकं वाटणारी पोरं येतात. दारात उभी राहतात, हसतात, कागद हातात कोंबतात, पुढच्या दुकानात. समोरच्या टपरीवर एका बाकड्याचा पाय आखूड आहे, त्याच्याखाली सध्या असंच एक पत्रक चार घड्या करून घातलंय. 'येशू तुमच्यावर प्रीती करतो' एवढी ओळ बाहेर दिसते, तिच्यावर तर्रीचा डाग. पोहे खाताना रोज वाचतो.

त्या पोरांपैकी एकानेही कधी दोन मिनिटं बसून माझं नाव विचारलं नाही. एका धंदेवाल्याला विचाराल तर सांगतो, असा माल खपत नाही.

निशिगंधा_सिस्टर
बर्डीकर काका, हसू आलं आणि वाईटही वाटलं.

मी नर्स आहे, बरीच वर्षं रात्रपाळी केली आहे. आमच्याकडे नियम कडक, रुग्णाशी धर्माबद्दल बोलायचं नाही. मला तो नियम पटतो. खाटेवर पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. ज्याला 'नको' म्हणून निघून जाता येत नाही, त्याला काहीही ऐकवणं मला बरोबर वाटत नाही.

पण एका रात्री भंडाऱ्याकडच्या एक आजी, ऑपरेशनच्या आदल्या रात्री, झोपेना. सलाइन बदलायला गेले तर माझा हात धरला. गळ्यातल्या साखळीतला क्रूस त्यांना दिसला होता. म्हणाल्या, "बाई, तुमचा देव रात्री जागा असते का?" मी म्हटलं, असतो. "मंग त्याले माह्यं नाव सांगून ठेव." मी तिथेच उभी राहून चार वाक्यांची प्रार्थना केली, त्यांचं नाव घेऊन. त्यांनी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडेच बघत होत्या. ऑपरेशन झालं, घरी गेल्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, मी विचारलंही नाही.

1 पेत्र 3:15 मला त्या रात्रीनंतर जास्त कळतं. तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण सौम्यतेने आणि आदराने. विचारणारा आधी, उत्तर नंतर.

पेत्रसाचा_पुतण्या
सिस्टर, साक्ष आवडली. पण साखळी झाकलेली असती तर आजींनी विचारलं असतं का? आपल्यातले अर्धे लोक ऑफिसात आडनावावरून ओळखू येत नाहीत याचाच आनंद मानतात. कोणी विचारत नाही, कारण कोणाला पत्ताच नाही.

निशिगंधा_सिस्टर
हे मात्र मान्य.

फ्रान्सिसची_चिमणी
मी कॅथलिक, एसएफएस कॅथेड्रलची. आमच्या असिसीच्या संत फ्रान्सिसने सांगून ठेवलंय की सुवार्ता सर्वदा सांगा, गरज पडली तर शब्द वापरा. विषय संपला :)

ग्रंथकीडा
चिमणी ताई, विषय नाही संपला. ते वाक्य फ्रान्सिसच्या लिखाणात कुठेच सापडत नाही. माणूस तर गावोगाव फिरून तोंडाने उपदेश करायचा. 1219 मध्ये धर्मयुद्ध चालू असताना इजिप्तमधल्या दमिएत्ताला सुलतान अल-कामिलच्या छावणीत जाऊन त्याच्याशी बोलला.

पण त्याने लिहिलेलं जे खरंच आहे ते याहून भारी आहे. त्याच्या संघाच्या 1221 च्या नियमावलीत मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंसाठी दोन मार्ग दिलेत. एक, वाद घालू नका, सगळ्यांच्या अधीन राहा आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करा. दुसरा, देवाला आवडेल असं दिसलं तर वचन सांगा. तेही धर्मयुद्धाच्या काळात!

फ्रान्सिसची_चिमणी
बापरे. आमच्या वर्गाच्या भिंतीवर इतकी वर्षं ते वाक्य रंगवलेलं होतं.

बरं, मग पक्कं असलेलं सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1965 मध्ये दोन गोष्टी स्पष्ट केल्या. प्रापंचिकांची (फादर वा सिस्टर नसलेल्या साध्या माणसांची) प्रेषितसेवा ही फादरांनी दिलेली मेहेरबानी नाही, ती बाप्तिस्म्यातून आणि दृढीकरणातून येते. म्हणजे अंद्रिया, तुमच्या पाळकांचं 'प्रत्येकाचं काम' आमच्याकडेही मान्य. आणि त्याच वर्षीच्या धर्मस्वातंत्र्याच्या घोषणेत म्हटलंय की श्रद्धा पसरवताना जबरदस्तीचा किंवा न शोभणाऱ्या मन वळवण्याचा वाससुद्धा नको, विशेषतः गरीब आणि अशिक्षित माणसांच्या बाबतीत. सिस्टरांनी खाटेवरच्या माणसाबद्दल लिहिलं, ते हेच.

संत्र्याची_फोड
अवांतर: उत्तर भारतीय मंडळी (सीएनआय) 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच स्थापन झाली ना? सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये?

ग्रंथकीडा
हो. सहा मंडळ्या एकत्र आल्या. मेथडिस्टांची मोठी शाखा ऐनवेळी बाहेर राहिली.

वऱ्हाडी_ठेचा
लग्नात एखादा मामा रुसून बसतेच.

गोंडवन
अवांतरात भर. हिस्लॉप कॉलेजात शिकलो, पण हिस्लॉप कोण हे मला तिथे कोणी सांगितलं नाही. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आला, स्कॉटलंडचा मिशनरी. शाळा काढली, भोवतालचे जीवाश्म गोळा केले, गोंडांची गाणी आणि कथा लिहून घेतल्या. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना नाल्याच्या पाण्यात बुडून गेला. त्याची गोंडांवरची टिपणं 1866 मध्ये रिचर्ड टेंपलने छापली. कॉलेज त्याच्या नावाने निघालं 1883 मध्ये.

मी गोंड आहे. तो सुवार्ता सांगायला आला होता, हे उघड आहे. पण त्याने आमचंही ऐकून घेतलं, लिहून ठेवलं. आमचा आदिपुरुष लिंगो, त्याची कथा कागदावर लवकर उतरली ती त्याच्यामुळे. सांगणाऱ्याने आधी किती ऐकलं, हे मी बघतो.

बर्डीकर
+1. हे पत्रकवाल्या पोरांना कोणीतरी पाठवा.

टिळकभक्त_नाही_दुसऱ्या_टिळकांचा
सगळे पत्रकाला नावं ठेवताय, तर एक उलटी बाजू. कवी नारायण वामन टिळक नागपुरात होते, आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम करायचे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा पाद्री भेटला. गप्पा सुरू झाल्या त्या कवितेवरून. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात दिली. टिळकांनी ती वाचली, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

एका प्रवासात भेटलेल्या अनोळखी माणसाने दिलेलं पुस्तक! त्याने 'आधी मैत्री, मग बघू' म्हटलं असतं तर गाडी राजनांदगावला पोचून गेली असती. आणि त्यातूनच आपल्या उपासनासंगीतातली किती गीतं आली.

रूथ_ताई
पण पाद्र्याने आधी कवितेवर गप्पा मारल्या, हे तुम्हीच लिहिलंत. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं काय? नवऱ्याने त्यांना ओढून नेलं नाही. त्या मागे राहिल्या, रडल्या, भांडल्या, पुढे एकत्र आल्या तरी सोवळं पाळत राहिल्या. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यांच्या मनाने. सगळ्यात जवळच्या माणसासाठी टिळक पाच वर्षं थांबले. ईस्टरपर्यंतची मुदत असती तर?

टिळकभक्त_नाही_दुसऱ्या_टिळकांचा
ताई, हा मुद्दा मला मान्य करावा लागतोय.

अंद्रिया_सदर
एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, विशेषतः ख्रिस्ती नसलेल्यांचे.

माझं आता असं ठरतंय. सांगण्याची जबाबदारी माझी आहे, पुतण्या भाऊ आणि ग्रंथकीडा यांचं म्हणणं पटलं. कृत्ये 8 वाचल्यावर 'ते पाळकाचं काम' म्हणून अंग काढून घेता येत नाही. पण माझी जबाबदारी सांगण्याची आहे, त्याने काय करायचं ही त्याची. मार्क 5 मध्ये येशूने बऱ्या झालेल्या माणसाला घरी पाठवलं, स्वकीयांना जाऊन सांग म्हणून: प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते. किती जणांनी ऐकलं याचा हिशेब मागितला नाही.

पाळकसाहेबांना मी जाऊन भेटलो. सांगितलं की कार्डावरची नावं आणि मुदत काढा, प्रार्थना राहू द्या. ते तासभर माझ्याशी बोलले. म्हणाले, मुदत नसेल तर मंडळी दहा वर्षं नुसती सिद्धच होत बसेल. यात तथ्य आहे, नाकारत नाही. तरी माझं कार्ड मी कोरंच परत दिलं.

पेत्रसाचा_पुतण्या
पाळकांचं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहा. आणि मित्राशी बोललात का?

अंद्रिया_सदर
बोललो. विचारलं, मी रविवारी काय करतो हे तू कधी विचारलं नाहीस. तो म्हणाला, तू कधी सांगितलं नाहीस, मला वाटलं तुला आवडत नसेल. मग जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोलत होतो. जास्त त्याच्या वडिलांच्या वारीबद्दल, थोडं माझ्याबद्दल.

कामठी_लाइन
सगळे शेजारी, मित्र, रेल्वे यांच्याबद्दल बोलताय. मी एक आई म्हणून विचारते, आपल्या पोरांना कोण सांगणार? मुलगी पुण्यात आहे. इथे होती तोवर रविवारची शाळा, तरुण संघ, नाताळातली कॅरल पार्टी, सगळ्यात पुढे. आता म्हणते, मम्मी, तू विश्वास ठेव, मला अजून माहीत नाही. बाहेरच्या पाच जणांची यादी मी करीन हो, पण घरातली एकच ओळ भरताना हात थरथरतो.

रूथ_ताई
काकू, माझ्या मुलाचंही तेच आहे. 'मला अजून माहीत नाही' हे ती तुम्हाला खरं सांगते, हेही काही कमी नाही. माझा तर "हो, गेलो होतो" म्हणतो आणि लोकेशन दुसरंच दाखवतं.

निशिगंधा_सिस्टर
वादात उतरू नका काकू. तिने विचारलं तर तुमची गोष्ट सांगा, वचनं पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी वचन आलं की पोरं ते न वाचताच हात जोडलेला इमोजी टाकतात.

कामठी_लाइन
अगदी तोच टाकते. आता रविवारी उपासना झाल्यावर फोन करून बोलते तिच्याशी.

वऱ्हाडी_ठेचा
काकू, रविवारी नोका करू. दुपारलोक झोपून रायते ते पोट्टे. शनिवारी रात्री जेवाच्या टाइमले करा, तवा घरची आठवण येते.